तिसरा फेर देवाचा

सौंदडच्या पेटी कारखान्यात नवी बाई कामावर आली की पहिले तीन दिवस तिला धुरपताजवळ बसवत. धुरपता तिच्या हातात दोरीचा तुकडा द्यायची, एक रिकामी पेटी पुढ्यात ओढायची आणि सांगायची, "टोक भोकातून आत घे. हा एक फेर. हा दुसरा. आता वढू नोको, थांब. हा तिसरा. दोन कामाचे, तिसरा देवाचा. आता वढ."

"आन देवाचा नाही घेतला तं?" एखादी विचारायचीच.

"तं पेटी बी तुझीच आन पाप बी तुझंच," पलीकडून सुशिलाबाई म्हणायची. बाकीच्या हसायच्या. धुरपता हसायची नाही. तिसरा फेर घेताना तिचे ओठ हलायचे. मांडोदेवीचं नाव ती घ्यायची, पण इतकं हळू की शेजारच्या बाईलाही ऐकू जाऊ नये.

कारखाना म्हणजे स्टेशनापलीकडची, लाकूड कापायची जुनी आरामशीन. लाकडाचा धंदा बसला तेव्हा दुर्गाप्रसाद सेठने दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या करायचं काम मिळवलं. फळ्या कापणं, ठोकणं, रंगवणं पुरुषांकडे. शेवटचं काम दोरीचं, ते बायांकडे. पेटीच्या दोन्ही अंगांना दोरीची एकेक मूठ, प्रत्येक मुठीला आतून दोन गाठी, म्हणजे एका पेटीला चार. दोरीवर बावीस बाया होत्या आणि धुरपता त्यांची मोठी. तयार पेट्या रिकाम्याच सरकारी कारखान्यात जात, तिथे भरत, आणि पुढे कुठे जात ते सौंदडात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी, तीन वर्षांपूर्वी, सुपरवायझर उमेंद्रने बायांना एवढंच सांगितलं होतं, "एक जवान या टोकाले, एक त्या टोकाले. चढावर घेऊन जातीन. दोरी सुटली तं पेटी खाली आन मानूस बी खाली." ड्रॉइंग भिंतीवर लावलेलं होतं. त्यात गाठीला दोन फेर होते. धुरपताने ते पाहिलं, आणि मनाशी म्हणाली, माणसाच्या जिवाला दोन कसे पुरतील?

हा तिसरा फेर तिच्या बापाचा. सुखराम कामठ्याचा शेतकरी. उन्हाळ्यात अंबाडीची दोरी वळायचा आणि दोरीचं दुसरं टोक लहान धुरपताच्या हातात द्यायचा. दोरी लांबत जाईल तशी तिने मागे मागे चालायचं. तिचं अर्धं लहानपण असं उलटं चालण्यात गेलं, असं ती सांगायची. बैलाचं दावं खुंट्याला बांधताना सुखराम दोन फेर घ्यायचा, थांबायचा आणि तिसरा घ्यायचा. "दोन आपले, एक त्याचा." धान मोजून झाल्यावरही तो खळ्यावर एक ओंजळ सोडून यायचा. मोजल्याच्या वर काहीतरी द्यायचं, हे त्या घरात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. ते होतंच.

सातवीपर्यंत शाळा झाली, मग सौंदडच्या चैतरामशी लग्न. दीड एकर बोडीखालचं, म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यावरचं धान, रोवण्याच्या म्हणजे धानलावणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत मजुरी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. पोरींची लग्नं झाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी गळ्यात कारखान्याचा फोटोचा बिल्ला आला. घरी गेल्यावर ती तो देव्हाऱ्याखालच्या खिळ्याला लावायची. चैतराम एकदा म्हणाला, "देवाच्या खाली तुझाच फोटो काऊन?" ती म्हणाली, "मंग कुठी ठेवू, गोठ्यात?"

फेब्रुवारीत टीव्हीवर सांगितलं की सरकार संरक्षणावर यंदा आणखी खर्च करणार आहे. सेठने पेढे वाटले.

"आता पाय धुरपता, आपल्याले इतवारी बी बलावतीन," सुशिलाबाई म्हणाली.

उमेंद्र पेढा हातातच धरून उभा होता. "काकू, खर्च वाढला तो विमानाले, तोफेले. पेटी सगळ्यात शेवटी येते."

"शेवटी येते, पन येते ना?"

उमेंद्रने पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला. आठवड्याने ऑफिसच्या फळीवर एक हिरवी पेटी येऊन बसली. प्लॅस्टिकची. दुपारच्या सुटीत बाया तिला बघायला गेल्या, जशा गल्लीतल्या नव्या सुनेला बघायला जातात.

"घ्या, आली सवत," सुशिलाबाई म्हणाली. "आन गुळगुळीत किती हाय व! हिले दोरी कुठी बांधाची?"

"हिले दोरी लागत नाही," उमेंद्र म्हणाला. "मूठ आंगातच हाय."

धुरपताने त्या मुठीत हात घालून पाहिला. हात बरोबर बसला. कुठे काही घट्ट करायचं नव्हतं, काही ओढायचं नव्हतं. तिने हात पटकन काढून घेतला.

बाया गेल्यावर उमेंद्र हळू आवाजात तिला म्हणाला, "काकू, तुमाले म्हनून सांगतो. साच्यातून दिवसाले इतक्या निंगतेत जितक्या आपल्या महिन्याले होतेत. मोठ्या कंपन्या मागंच लागल्या हायेत. यंदाचा ऑर्डर लाकडाचा हाय, सोळाशे पेट्या. हा माल साजरा गेला तं पुढचा भेटन. यात एक खोट निंगाली तं त्यायले कारणच पाहिजे."

त्या दिवसापासून धुरपताचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ऑफिसातला फोन वाजला की तिचे हात थांबत. सेठ लवकर घरी गेला तरी काळजी, उशिरापर्यंत थांबला तरी काळजी. घरी चैतराम उन्हाळी धानाच्या पाण्याचं काही विचारायचा आणि ती भलतंच उत्तर द्यायची. बायांना ती पुन्हा पुन्हा सांगायची, "पक्की बांधा बायांनो, पक्की बांधा. देवाचा फेर सोडू नोका."

मार्चच्या एका मंगळवारी तपासणीचे साहेब आले. साधा माणूस, चष्मा, हातात फाइल. त्यांनी ढिगातून आपल्या मनाने वीस पेट्या काढायला लावल्या. लाकूड पाहिलं, रंग पाहिला, वाळू भरून पेटी उंचावरून टाकली. पेटी फुटली नाही, दोरीही सुटली नाही. धुरपता दोरीच्या शेडच्या दाराशी उभी राहून बघत होती. पेटी जमिनीवर आपटली तेव्हा तिने डोळे मिटले आणि उघडल्यावर मुठी जागच्या जागी पाहून तिला वाटलं, पाहा, त्याने सांभाळलं.

मग साहेबांनी मापाचा लाकडी ठोकळा घेतला. पेटीत आत जे बसणार त्याच आकाराचा. ठोकळा सोडला की आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे. पहिल्या पेटीत ठक्क करून बसला. दुसरीत बसला. सातवीत अर्ध्यावर थांबला.

साहेबांनी हात घालून चाचपलं. "गाठ पुढे येते आहे."

सोळावीतही थांबला.

पेटी नवीन मापाची होती, हे खरं कारण. तीन वर्षं ज्या पेट्या केल्या त्या रुंद होत्या. आतली गाठ बोटभर जाड असली काय, दोन बोटं असली काय, कशालाच लागत नव्हती. यंदाची पेटी अरुंद; तीन फेरांची गाठ जिथे जरा जाड बसली तिथे ठोकळा अडत होता. मंजुरीसाठी पाठवलेल्या नमुन्याला उमेंद्रने ड्रॉइंग बघून स्वतः गाठी बांधल्या होत्या, दोन फेरांच्या. तो नमुना पास झाला आणि काम सुरू झालं.

साहेब म्हणाले, "मी आज इथेच मुक्कामाला आहे. उद्या दुपारी दुसऱ्यांदा वीस पेट्या काढीन. त्यात एक जरी अडकली तर सगळा माल नापास लिहावा लागेल. तोपर्यंत तुम्हाला काय निवडून काढायचं ते काढा."

प्रत्येक पेटीच्या आत, बांधणाऱ्या बाईचा नंबर पेन्सिलने लिहिलेला असायचा. अडकलेल्या दोन्ही पेट्यांत एकतीस होता. एकतीस म्हणजे दुर्गेश्वरी; सोडून गेलेल्या बायांचे नंबर पुन्हा देत नसत. देवरीच्या पलीकडच्या गावाहून बसने यायची, दोन महिने झाले होते, हाताला जोर भारी.

सेठ शेडमध्ये आला. एरवी तो इकडे येत नसे. "ये इकतीस नंबर कौन है? कल से मत आना. उमेंद्र, इसकी जितनी पेटी हैं, सब अलग कर."

दुर्गेश्वरी उठून उभी राहिली. तिने सेठकडे नाही, धुरपताकडे पाहिलं. धुरपताच्या हातात दोरी होती. ती दोरीकडे बघत राहिली. दुर्गेश्वरीने चप्पल घातली, डबा उचलला आणि गेली.

दुपारच्या सुटीत उमेंद्र जेवायला गेला तेव्हा धुरपताने तो ठोकळा उचलला. इकडच्या तिकडच्या दहा पेट्या निवडल्या, एकतीस सोडून. ठोकळा सोडत गेली. बसला, बसला, अडकला. बसला. अडकला. दहापैकी तीन. अडकलेल्यांतल्या तिसरीत वाकून तिने नंबर वाचला. एक. तो तिचाच होता.

ती ऑफिसच्या दारापर्यंत दोनदा गेली. एकदा सेठ फोनवर होता. दुसऱ्यांदा नव्हता, तरी ती परत आली.

संध्याकाळी चैतराम बांधीतून आला. पाय धुऊन ओट्यावर तंबाखू मळत बसला. "काय व, तोंड काऊन असं?"

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि शेवटी त्याला हसूच आलं. "म्हंजे तुझ्या बापाची गाठ सरकारले अडकली."

"तुमाले हासाले येऊन राहिलं जी? सोळाशे पेट्या हायेत. बावीस बाया, वरून सुतार, रंगवाले."

"मंग सांगून टाक."

"हाकलतीन मले."

"हाकलतीन तं हाकलतीन. धान हाय ना."

"तुमच्या धानात तं मी हावोच तीस वर्षापासून. या कामात मले लोक नावानं बलावतेत."

चैतरामने तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, "मंग नोको सांगू. वीसच पेट्या काढन ना तो. एखाद्या वक्ती नाही बी अडकनार."

हे ऐकून तिला जास्तच धसका बसला, कारण दिवसभर तिच्याही मनात तेच चाललं होतं.

दिवा लावायला ती देव्हाऱ्यापुढे बसली. रोज ती काही मागायची नाही, नुसती बसायची. आज मागावंसं वाटलं आणि जमेना. ज्या नावाने गाठ घातली तेच नाव घेऊन, ती गाठ कुणाला दिसू नये, असं म्हणायचं कसं? आणि चूक कुणाची म्हणायची? तिने तर वरचं द्यायला सांगितलं होतं, कमी नाही. ज्याला दिलं त्याला ते नको होतं का? वात सारखी करून ती उठली. भाकर अर्धी खाल्ली.

बुधवारी सकाळी ती हायवेवरच्या बसथांब्याकडूनच कारखान्यात निघाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. देवरीकडून येणारी बस थांबली आणि त्यातून दुर्गेश्वरी उतरली. हातात डबा, गळ्यात बिल्ला.

"तू काऊन आलीस?"

"घरी नाही सांगतलं, मावशी. बसचा टाइम झाला तं बसली. आता इथंच झाडाखाली बसतो अन् पाचच्या बसनं जातो." तिने बिल्ला काढून पदरात लपवला. मग विचारलं, तक्रार म्हणून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून, "मावशी, मी तुमच्यासारखीच बांधली ना? तीन फेर. एक बी कमी नाही केला. नाव बी घेतलं होतं मी."

ट्रकमागून ट्रक जात होते.  धुरपताने दुर्गेश्वरीच्या हाताला धरलं. "चाल."

"सेठ बोलन मावशी."

"मले बोलन. तू चाल."

ऑफिसात सेठ आणि उमेंद्र दोघेही होते. रात्रभर झोप नसावी अशी दोघांची तोंडं. दुर्गेश्वरीला दाराबाहेर थांबवून धुरपता आत गेली आणि खुर्ची असून उभीच राहिली.

"सेठजी, इसकी गलती नहीं है. गाँठ सब में वैसी ही है."

"सब में मतलब?"

"सोला सौ में. तीसरा फेर मैंने सिखाया सबको. मेरे खुद के पेटी में भी ठोकळा अटक रहा है."

सेठ पंख्याकडे बघत राहिला. "किसने बोला था तीसरा फेर लेने को?"

"किसी ने नहीं. वो मेरा ही है."

"और ये तीन साल से चल रहा है?"

"तीन साल से."

सेठने उमेंद्रकडे पाहिलं. उमेंद्र खाली मान घालून म्हणाला, "माझं बी चुकलं सेठजी. मी ठोकळा दोरीच्या आंधीच टाकून पायत होतो. दोरीनंतर नाही पायलं."

 सेठ बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि धुरपताला त्याचीच भीती वाटली. "बीस ही तो निकालेगा. इकतीस नंबर वाली हम हटा चुके. किस्मत रही तो निकल जाएगा माल."

"कल मैंने दस देखे सेठजी. तीन अटके."

सेठने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"साहब को बुला," सेठ शेवटी उमेंद्रला म्हणाला. "बोल, माल हम वापस ले रहे हैं, दूसरी बार मत निकालो." मग धुरपताकडे वळून, "तेरा बाद में देखता हूँ."

साहेब आले. आपण होऊन माल मागे घेतला तर नापास लिहायची गरज नाही, पण पोचवायची तारीख हलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सोमवारी ते पुन्हा येणार, मंगळवारी ट्रक निघाला पाहिजे. निघताना त्यांनी विचारलं, हा जादा फेर कुणी आणि कशासाठी घातला?

धुरपताने सांगितलं. बापाचं नाही सांगितलं, देवाचंही नाही. एवढंच म्हणाली, "जवानाच्या हातातून सुटू नये म्हनून, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, दोन फेर चढावर पुरतात. ते तपासून मगच ड्रॉइंगमध्ये घातलेले असतात. पण पेटी उघडल्यावर आतलं पटकन हाताला आलं पाहिजे. अडकलं तर ओढत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो."

"म्हंजे माह्या गाठीनं त्याचाच हात अडकला असता?"

"हो," साहेब म्हणाले. वाईट वाटू नये म्हणून त्यांनी त्यात काही मिसळलं नाही.

बर्फात वाकलेला, पेटीत हात घालून ओढणारा कुणीतरी पोरगा धुरपताला दिसला, आणि त्याच्या आड येणारी आपली गाठ. शेडमध्ये आल्यावर ती पहिल्यांदा खाली बसली. मग उठली आणि बायांना म्हणाली, "सगळं सोडाचं हाय."

सोळाशे पेट्या, चौसष्टशे गाठी, हातात बुधवारची उरलेली दुपार धरून साडेचार दिवस. दोरीवर रंग बसून गाठी दगड झालेल्या. सुताराचा टोचा घालून एकेक फेर सैल करायचा, तिसरा काढायचा, दोन पुन्हा बसवायचे, उरलेलं टोक कापायचं, ठोकळा टाकायचा. दुसऱ्या दिवशी बायांची नखं गेली. सुतारही येऊन बसले. दुर्गेश्वरीच्या हाताचा जोर आता कामाला आला. ज्या गाठी कुणाला सुटेनात त्या तिच्याकडे जाऊ लागल्या.

"एवढी पक्की कोणी बांधली होती व?" सुशिलाबाई एक गाठ टोचत म्हणाली. आत वाकून नंबर वाचला. "हात् मेली, माहीच हाय." मग धुरपताकडे बघून, "तुझ्या देवाले सांग ना व, आपला फेर आपनच वापस घेऊन जा म्हना. आमची बोटं तरी वाचतीन."

यावर कुणी हसलं नाही, आणि सुशिलाबाईच ओशाळली. संध्याकाळी निघताना तिने धुरपताच्या बोटांना हळद आणि तेल लावून दिलं.

कापलेल्या टोकांचा ढीग वाढत गेला. चार चार बोटांचे तुकडे. झाडणाऱ्याने ते पेटवायला न्यायचे म्हटले तेव्हा धुरपता म्हणाली, "राहू दे, मी नेतो."

रविवारीही काम झालं. रविवारी बोलावतील, हे सुशिलाबाईचं म्हणणं असं खरं ठरलं. सोमवारी साहेबांनी वीस पेट्या काढल्या. ठोकळा वीस वेळा सुटला आणि वीस वेळा ठक्क वाजलं. शेवटचा आवाज झाल्यावर बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. धुरपता भिंतीला टेकून उभी होती. तिला वाटलं आनंद व्हावा, पण "तेरा बाद में देखता हूँ" हे वाक्य तसंच लटकलेलं होतं.

मंगळवारी ट्रक गेला. बुधवारी सेठने बोलावलं नाही. गुरुवारीही नाही. बायांना फुटक्या फळ्या वेगळ्या करायचं काम दिलं होतं, जे कामच नव्हतं. ऑफिसातली हिरवी पेटी फळीवरच होती. टीव्हीवर नवीन विमानं दाखवत होते आणि उमेंद्र बातम्या बघताना चॅनल बदलत नव्हता, पण आवाज बंद ठेवायचा.

दोन आठवड्यांनी सेठने तिला बोलावलं.

"ऑर्डर आया है. चार सौ पेटी, लकड़ी की. बाकी सब इस बार प्लास्टिक में गया, बाहर की कंपनी को." तो कागद सारखा करत होता. "हमारा माल पास था, इसलिए ये चार सौ भी मिला. नहीं तो ये भी नहीं था. रस्सी पर मुझे आठ औरतें चाहिए, बाईस नहीं. नाम तू देगी. शाम तक."

"मैं?"

"तूने ही सिखाया न सबको. तुझे मालूम है किसका हाथ कैसा है."

हीच शिक्षा होती की विश्वास होता, ते तिला कळलं नाही. कदाचित सेठलाही ठरवता आलं नव्हतं.

ती शेडमध्ये आली. बाकीच्या एकवीस जणी तिच्याकडे बघत होत्या. दारं पातळ होती, सगळ्यांना ऐकू गेलं होतं.  जुन्या आठ घेतल्या तर दुर्गेश्वरी जाते. हाताने चांगल्या आठ घेतल्या तर सुशिलाबाई जाते. आपलं नाव घालायचं की नाही? धुरपताने मनात एक नाव धरलं की दुसरी बाई समोर दिसायची. तासभर ती फळ्या उचलत राहिली, नुसत्याच.

मग तिने विचारलं, "रोवण्यात आपन काय करतो व? बांधी लहान असली आन टोळीत बाया जास्त असल्या तं?"

"बारी लावतो," कुणीतरी म्हणालं.

"कोनाले घरी पाठवतो काय?"

"नाही. आज या, उद्या त्या."

"मंग?"

सगळ्या बोटांवर हिशेब करू लागल्या: रोज आठ, सहा दिवस. हप्त्यातून दोन दिवस प्रत्येकीला, वर चार बाऱ्या उरत होत्या.

"दोन दिवसात काय होते व?" सुशिलाबाई उसळली. "मी बी पहिल्या दिवसापासून हावो इथं. माहं नाव आठात आलंच असतं."

"आलं असतं," धुरपता म्हणाली. "आन हिचं नसतं आलं." तिने दुर्गेश्वरीकडे बोट केलं नाही, पण सगळ्यांनी तिकडेच पाहिलं. "तुझ्या गाठी तिनं सोडल्या, सुशिला."

सुशिलाबाईने पदर खोचला, काढला, पुन्हा खोचला. "सोमवार मले देजो," ती शेवटी म्हणाली. "सोमवारी माहा उपास रायते. कामात असली तं भूक नाही लागत."

उरलेल्या चार बाऱ्या कुणाच्याच नावावर लिहायच्या नाहीत, ज्या बाईच्या घरी त्या हप्त्यात अडचण पडेल तिने घ्यायच्या, असं ठरलं. कुणी ठरवलं ते नंतर आठवेना.

सेठने कागद वाचला. "मुझे रोज़ आठ चाहिए. कौन-सी आठ, वो तू जान." मग मान वर करून, "लेकिन गाँठ—"

"दोन फेर, सेठजी."

सोमवारी धुरपताची बारी नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने कारखान्याचा भोंगा घरून ऐकला. बिल्ला खिळ्याला होता. तिने दोनदा तिकडे पाहिलं. मग ती गोठ्यात गेली. कापलेल्या टोकांची सुतं मोकळी करून, त्यांत जुनी अंबाडी घालून तिने गेले काही दिवस दोरी वळली होती. दुसरं टोक धरायला चैतरामला उभं केलं होतं. तो कुरकुरत का होईना, मागे मागे चालला होता.

त्या दोरीचं दावं तिने गोऱ्ह्याच्या गळ्यात घातलं आणि खुंट्याला बांधायला वाकली. एक फेर, दुसरा. हात तिथे थांबला.

चैतराम दारातून बघत होता. "घे ना. इथं कोनी साहेब नाही येत."

तिने तिसरा फेर घेतला आणि ओढला. गोऱ्ह्याने मान झटकून पाहिली. गाठ सुटली नाही.

"कधी हाय तुझी बारी?"

"गुरुवारी आन शनिवारी."

"आन चारशे झाल्यावर?"

धुरपता खुंट्याजवळ बसली आणि गाठ बोटाने चाचपू लागली. चारशे पेट्या म्हणजे महिनाभराचं काम. जपून केलं तर थोडं जास्त. पण कारखान्यात जपून करणं म्हणजे काय, हे आता तिला नीट माहीत होतं: सांगितलं तेवढंच, दोन फेर, ना कमी ना जास्त. त्यापुढचं तिच्या हातात नव्हतं. देवीचं नाव मात्र ती दुसऱ्या फेरावरच घेणार होती, त्यासाठी पेटीत जागा लागत नव्हती.

"गुरुवारी सकाळी लवकर उठवजा जी," ती म्हणाली, आणि गोऱ्ह्यापुढे चारा टाकायला उठली.